यजमान घराबाहेर पडायला तयार नाहीत

‘मी ६५ वर्षांची, यजमान ७०. आम्ही साताऱ्यात राहतो. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीची सगळी वर्षं साइटवर गेली. घर, सासू-सासरे, दोन मुलं, सगळं मी सांभाळलं. “रिटायर झालो की फिरू” हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल! दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. आता कुठं मोकळे झालो, तर हे घरातून हलायला तयार नाहीत. बँक, भाजी आणि संध्याकाळी अंगणात खुर्ची. लग्नाला यंदा ४० वर्षं होतात म्हणून मुलांनी युरोपची टूर बुक केली, तर यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. मोठं भांडण झालं. (चार वर्षांपूर्वी सासूबाईंना नणंदेकडे ठेवून दक्षिणेच्या टूरला गेलो होतो. म्हैसूरहून उटीला जाताना यांना लघवीसाठी बस थांबवायला लावावी लागली, मागचे काही जण हसले. पण ते तेवढंच.) दोघांचेही गुडघे थोडे कुरकुरतात, यांना बीपीची गोळी आहे. माझी बहीण तिच्या मैत्रिणींबरोबर हिवाळ्यात कोकणात जाते आहे, मलाही बोलावते. यांना सोडून जाणं बरं दिसेल का? की मीही आता इच्छा गुंडाळून ठेवावी?’
एक वाचक, सातारा

ताई,

इच्छा गुंडाळून ठेवायची नाही आणि बहिणीबरोबर जायचं. त्यावर पुढं बोलतेच, पण आधी यजमानांबद्दल. त्यांना फिरण्याचा कंटाळा आलाय किंवा तुमची हौस त्यांना कळत नाही, असं मला पत्रावरून वाटत नाही. उटीची हकिगत तुम्ही कंसात टाकलीत आणि ‘पण ते तेवढंच’ म्हणून सोडून दिलीत. मला तर सगळं दुखणं तिथंच दिसतं.

तो रस्ता आठवून बघा. गुंडलुपेट सोडलं की बंदीपूरचं जंगल लागतं. व्याघ्रप्रकल्प आहे, मधे कुठंही गाडी थांबवायला मनाई असते. त्याला लागूनच मुदुमलाईचं जंगल, आणि मग घाट. सकाळी हॉटेलात चहा झालेला, गोळी घेतलेली, आणि सगळ्या अनोळखी माणसांत बसून ते खिडकीबाहेर बघतायत. किती वेळ धरून बसले असतील हे त्यांनी तुम्हालाही सांगितलं नसेल. अगदीच अशक्य झालं तेव्हा उठून ड्रायव्हरपर्यंत जावं लागलं आणि पाठीमागून हसू आलं. साइटवर ज्यांच्या एका शब्दावर माणसं कामाला लागायची, त्या माणसाला ते हसू किती लागलं असेल! आता मुलं बारा-बारा तास बसमध्ये बसवणारी टूर हातात ठेवतात, आणि ‘मला लघवीची भीती वाटते’ हे वाक्य सत्तरीचा माणूस मुलांसमोर बोलू शकत नाही. ‘मला नाही जायचं’ एवढंच तोंडातून निघतं.

माझा अंदाज चुकीचाही असू शकतो, म्हणून थोडं लक्ष ठेवा. लग्नाकार्याला निघायच्या दिवशी ते सकाळपासून पाणी कमी पितात का? रात्री दोन-तीनदा उठतात का? कुठंही जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ‘किती वेळ लागेल, मधे कुठं थांबणार’ हा असतो का? कार्यक्रमात कडेची खुर्ची धरतात का? यातलं बरंचसं जुळत असेल, तर सहलीच्या आधी डॉक्टर.

साठीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढणं अगदी सर्रास आहे. ती मूत्रमार्गावर दाबते, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही आणि पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं. बहुतेकांच्या बाबतीत हा कॅन्सर नसतो, पण तपासून घ्यायलाच हवं. औषधं आहेत आणि पुष्कळांना त्यांनी चांगला आराम पडतो. त्यातल्या काही गोळ्यांनी बीपी उतरतं, उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून बीपीची गोळी कोणती चालू आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणखी एक, बीपीच्या काही गोळ्या मुळातच लघवी वाढवणाऱ्या असतात. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ पुढंमागं करता येईल का, हे त्यांनाच विचारा. मनाने गोळी चुकवायची नाही. आणि पाणी तोडणं हा उपाय नाही. लघवी गडद झाली की जळजळ वाढते, बद्धकोष्ठ होतं, उन्हात भोवळ येते. लघवीतून रक्त गेलं, ताप आला किंवा लघवी अडलीच, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हा विषय काढायचा कसा, ही खरी अडचण. मुलांसमोर अजिबात नको, सुनेसमोर तर नाहीच. ‘तुम्हाला हा त्रास आहे ना’ अशी सुरुवातही नको. तुमच्यापासून सुरुवात करा. आपण बायका आयुष्यभर एसटीत पाणी न पिता प्रवास करत आलोय. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाची कळा बघून तसंच परत फिरणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. ते त्यांना सांगा, कधी सांगितलं नसेल. माहेरी जाताना तुम्ही किती तास अवघडून बसला होतात, ते सांगा. आणि म्हणा, आता आपण दोघंच जाऊ, दर तासाला थांबू, मलाही लागतं. यात खोटं काही नाही.

एक गोष्ट मात्र मनावर दगड ठेवून ऐका. इतक्या वर्षांची थकबाकी एका सहलीत वसूल करायला जाऊ नका. ‘मी एवढं केलं आणि तुम्ही एवढंही करत नाही’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, तुमचा तो हक्कही आहे. पण दार उघडताना ते तोंडात असलं, तर यजमान पायात चप्पल घालणार नाहीत.

आता सहलींकडे येऊ. सातारकरांना पाहुणे आले की कास दाखवायचं असतं, आणि स्वतःचं गाव मात्र राहूनच जातं. पहिल्यांदा निघाल तेव्हा गाव सोडूच नका. माहुलीला जा. पाच-सहा किलोमीटर, रिक्षाने गेलात तरी चालेल. सकाळी आठला निघून जेवायला घरी. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तो घाट, विश्वेश्वराचं काळं दगडी देऊळ, येसूबाई आणि ताराराणींच्या समाध्या, आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचं, खंड्याचं स्मारक. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना सावध केलं, म्हणून त्याला इतका मान मिळाला असं सांगतात. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. उन्हं चढायच्या आत परत या आणि त्या दिवशी बाकी काही ठरवू नका. लांबच्या प्रवासासाठी नव्हे, बाहेर पडून सुखरूप आणि मानाने परत येता येतं हा विश्वास बसावा, एवढ्यासाठी हा फेरफटका. पावसाळ्यात नदीला पाणी असताना मात्र घाटावर उतरू नका.

पुढची खेप शेरी-लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीची करा, आणि ही तुमच्या यजमानांसाठी मुद्दाम सांगते. पुण्याच्या रस्त्याने साताऱ्यापासून साधारण पंधरा किलोमीटर. मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायचं चामड्याचं भांडं. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. अष्टकोनी मोठी विहीर, तिला जोडलेली दुसरी, वरून पाहिलं तर शिवपिंडीसारखा आकार. कमानीखालून रुंद दगडी जिना खाली उतरतो, भिंतीत शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, कोरलेत, आणि विहिरीच्या मधोमध वर चक्क छोटा महाल आहे. तिथं उभं राहिलं की चहूबाजूंनी मोटेच्या जागा दिसतात. एकाच वेळी इतक्या मोटा चालायच्या म्हणजे किती बैलजोड्या, बैल चालायच्या धावेचा उतार किती ठेवला असेल, वरच्या कुंडीत, थारोळ्यात पडलेलं पाणी पाटाने कुठल्या मळ्यांना जात असेल, एवढ्या उपशाला झरे पुरत कसे असतील, हे तुम्हाला कोण सांगणार? गाइड नाही सांगणार. आयुष्यभर पाणी मोजलेला माणूस सांगेल. त्यांना विचारा आणि मधे न बोलता ऐका. टूरच्या बसमध्ये ते सीट नंबर होते, इथं ते जाणकार आहेत. आपल्याला काहीतरी येतं अशा जागी निवृत्त माणसाला नेलं, की त्याची चाल बदलते, हे मी खूप घरांत पाहिलंय.

लिंबला काठी मात्र न्या, दोघांनीही. गुडघे दुखतात ते चढताना कमी आणि उतरताना जास्त. खाली उतरायचं नसेल तरी वरून विहीर छान दिसते, हट्ट नको. पावसात दगड निसरडा होतो, तेव्हा दिवाळीच्या पुढचे महिने बरे.

याच ओघात विचारते. कण्हेर, धोम, उरमोडी या धरणांची नावं तुमच्या घरात रोज घेतली गेली असतील. त्यांनी ज्या साइटवर उमेदीची वर्षं घालवली, ती तुम्ही कधी त्यांच्याबरोबर पाहिलीत का? तुमच्या मनात ‘साइट’ म्हणजे त्यांना तुमच्यापासून लांब ठेवणारी जागा, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. तरी एकदा जा. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते, पण कालव्याच्या कडेने फिरायला, जुनी वसाहत बघायला काही लागत नाही. एखाद्या टपरीवरचा म्हातारा माणूस ‘साहेब, तुम्ही?’ म्हणून उठून उभा राहील, तेव्हा तुम्ही शेजारी असायला हव्यात. तुमच्याही मनातलं तिथंच बोलता येईल. रागाने नाही, पण स्पष्ट बोला. मुलाला ताप होता त्या रात्री तुम्ही इथं होतात, असं त्या जागेवर उभं राहून सांगितलेलं त्यांना जेवढं कळेल, तेवढं स्वयंपाकघरात सांगून कळणार नाही.

गाडी नसली तर एसटी आहेच, आणि आता एसटीने फिरायची तुमची वेळ आली आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना राज्यात अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. महिलांना मार्च २०२३ पासून वयाची अट न ठेवता अर्धं तिकीट आहे. म्हणजे तुम्ही दोघं मिळून एका माणसाच्या भाड्यात जाऊन याल. पंच्याहत्तरी पूर्ण झाली की त्यांना तिकीटच नाही, ती सवलत ऑगस्ट २०२२ पासून सुरू आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. एसटी मधे कुठं थांबणार याची खात्री नसते, म्हणून सुरुवातीला एक तासाच्या आतल्या गाड्या घ्या. वाई त्यात बसते. वाईहून मेणवली अगदी जवळ, रिक्षा मिळते. नाना फडणवीसांचा वाडा, अर्धचंद्राकार घाट आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली ती प्रचंड घंटा. घंटेवर १७०७ साल आहे, जवळ जाऊन वाचा. घाटावर पायऱ्या पुष्कळ आहेत, पण वरच्या टप्प्यावरही तासभर बसता येतं.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर महामार्गावरचे पेट्रोल पंप लक्षात ठेवा. स्वच्छतागृह वापरायला पेट्रोल भरावं लागत नाही. निघण्याआधी दोघांनी जायचं, लागलं नसलं तरी थांबा आला की जायचं, चहा मुक्कामाला पोचल्यावर घ्यायचा. रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही. इतकं केलं तरी त्यांच्या कपाळावरच्या निम्म्या आठ्या जातील.

एक रात्र बाहेर राहण्याची तयारी झाली की भिलार. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव, मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली होती. कुणाच्या घरात इतिहास, कुणाच्या घरात कथा-कादंबऱ्या, कुठं संतसाहित्य. हव्या त्या घरात शिरायचं, पुस्तक काढायचं आणि बसायचं. गावात घरगुती मुक्कामाची सोय होते. तुमच्यासारख्या जोडप्याला मला हे ठिकाण सगळ्यांत जास्त का सुचवावंसं वाटतं, तर तिथं सगळा वेळ माणूस कुणाच्या तरी घरात असतो. चालणं कमी, बसणं जास्त आणि बाथरूम हाकेच्या अंतरावर. ‘पुढचा पॉइंट, पुढचा पॉइंट’ म्हणणारं कुणी नाही. त्यांना इतिहास वाचायचा असेल तर ते तिथं बसतील, तुम्ही दुसऱ्या घरात कवितेचं पुस्तक घेऊन बसा, जेवायला भेटा. जोडीने फिरायचं म्हणजे दिवसभर एकमेकांना चिकटून राहायला हवं असं मुळीच नाही.

एका ठिकाणाची निवड त्यांची, पुढची तुमची, असं आलटून पालटून ठेवा. तुम्ही औंध निवडा. मूळपीठाच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्प खटाव तालुक्यातल्या एका गावात बघायला मिळतं, आणि साताऱ्यातल्या कितीतरी माणसांनी ते पाहिलेलं नाही. निघण्याआधी उघडं असल्याची खात्री करून घ्या.

लांब जायचं तर बसऐवजी रेल्वे. कारण एकच, डब्यात संडास असतो. साताऱ्याहून दिवसाच्या गाडीने मिरज किंवा जयसिंगपूर, तिथून नरसोबाची वाडी. मुक्काम वाडीत, दत्ताचं दर्शन, कवठाची बर्फी, बासुंदी, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात मधोमध छत मोकळं आहे, भोवती ४८ खांब, आणि बाहेरच्या भिंतीवर हत्तींची रांग. दोन रात्रींत आरामात होतं. हेही पावसाळा टाळूनच, वाडीत कृष्णा थेट देवळात येते. पुढं कधी रात्रीच्या गाडीने जायचं झालं, तर तिकीट काढताना ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा निवडा. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिला, एकटे किंवा एका तिकिटावर दोघं, यांच्यासाठी तो असतो. त्याच तिकिटावर नातवाला किंवा मुलाला घातलंत तर हा कोटा मिळत नाही, त्यांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांना पूर्वी मिळणारी भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा हिशेब पूर्ण भाड्याचा धरा.

युरोपचं काय करायचं? यंदा नको. मुलांनी प्रेमाने केलंय, त्यांना दुखवू नका, पण निर्णय तुम्ही दोघांनी मिळून सांगा. ‘बाबा नाही म्हणतात’ असं नको, ‘आम्ही यंदा जात नाही’ असं सांगा. कारण सांगायची गरज नाही, यजमानांची लाज तुम्ही राखायची. कंपनीला आजच लेखी विचारा, रद्द केलं तर किती कापणार आणि तारीख पुढं नेली तर किती. जितकं निघायच्या तारखेजवळ जाल तितकी कपात वाढते. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस, हा टूरचा शिरस्ता त्यांना आता झेपणार नाही आणि तो झेपला पाहिजे असं काही नाही. उपचाराने बरं वाटलं, वाडी-खिद्रापूरसारख्या दोन-तीन सहली नीट झाल्या, तर पुढच्या वर्षी मुलांना सांगता येईल की सात देश नकोत, एका शहरात आठ दिवस राहू द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. यांना सोडून जाणं बरं दिसेल का? ताई, तुमची नोकरी कधी संपलीच नाही. सासूबाई गेल्यावर तुम्हाला जी मोकळीक मिळाली, ती यजमानांच्या मनाची तयारी होईपर्यंत खुंटीला टांगून ठेवायची नाही. पासष्टीत चालणारे पाय सत्तरीत तसेच चालतील याची हमी कोण देणार? बहिणीबरोबर कोकणात जा. फक्त रुसून जाऊ नका. ‘तुम्ही येत नाही म्हणून मी चालले’ असं त्यांना वाटता कामा नये. जायच्या आधी माहुली आणि लिंब करून घ्या, म्हणजे तुमचं दोघांचंही काही सुरू झालंय हे त्यांना दिसेल. मागे चार दिवसांच्या भाज्या करून फ्रिज भरून ठेवू नका, साइटवर राहिलेल्या माणसाला पिठलं-भात करता येतो. शेजाऱ्यांना कल्पना द्या, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावा आणि रात्री एकदाच फोन करा. नातेवाईक विचारतील, तेव्हा ‘हे घरी आहेत, मी बहिणीबरोबर आलेय’ एवढं सांगून विषय बदला.

बहिणीला आजच होकार कळवा. हिवाळ्यात समुद्राकाठच्या घरगुती खोल्या लवकर भरतात, आणि खालच्या मजल्यावरची खोली मिळाली तर तुमच्या गुडघ्यांना बरं.